चार रिकाम्या मात्रा

आत्या रसम् चुलीवर चढवायच्या आधी यंत्राचं बटण दाबायची. रसमाला उकळी यायला जितका वेळ लागायचा तितकाच यंत्राला तापायला. गार असताना त्याचा षड्ज भलतीकडेच असायचा. मग तापता तापता तो सावकाश सरकत आपल्या जागी येऊन बसायचा. मिऱ्याचा आणि चिंचेचा वास घरभर झाला की आत्या पदराला हात पुसत बाहेर यायची, एक पट्टी दाबून ऐकायची आणि म्हणायची, "जागें झालें."

यंत्र म्हणजे सिंथेसायझर. पण आमच्या कुंभकोणमच्या घरात त्याला हे लांबलचक नाव कोणी घेतलं नाही. दोन्ही अंगांना तपकिरी लाकूड, पुढे गोल बटणांच्या रांगा, खाली पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. आत्याचे यजमान जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा जपानी बंदरातल्या दुकानदाराने त्यांच्यासमोर बटणं फिरवत फिरवत त्या पेटीतून जवळजवळ वीणेसारखा आवाज काढून दाखवला. ते ती उचलून थेट कुंभकोणमला घेऊन आले. माणूस गाणं कळणारा नव्हता, पण बायको कळणारा होता. पुढे ते लवकर गेले आणि यंत्र राहिलं.

मी तिच्या भावाचा मुलगा. आईवडील तिरुविडैमरुदूरला, आणि चांगली शाळा कुंभकोणमला, म्हणून मी आत्याकडे येऊन राहिलो तो शिकून नोकरीला लागेपर्यंत तिथेच. आमचं घराणं मराठी. तंजावरच्या राजांच्या मागून कधीतरी इकडे आलेलं आणि इकडचंच झालेलं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. सगळं म्हणायचं तर आम्ही 'अस्कं' म्हणतो. पुढे पुण्यात हा शब्द माझ्या तोंडून निघाला की लोक माझ्याकडे बखरीतून उतरून आल्यासारखे बघायचे.

यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघायचा. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर ते एकीचंच ऐकायचं. लग्नात सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका मंडळीतला वादक कुतूहलाने बघायला आला होता. तो हसला आणि म्हणाला, अम्मा, याच्यात कॉर्ड वाजत नाही, हे काय कामाचं? आत्याने त्याला कॉफी दिली आणि विचारलं, "तुझ्या गळ्यातून दोन सूर एकदम निघतात काय?" कॉफी संपवून तो निघून गेला.

आत्या मूळची वीणा वाजवणारी. वीणेत उजवा हात तार छेडतो आणि डावा तार ओढून स्वराला हेलकावे देतो. कर्नाटक संगीतात त्याला गमक म्हणतात, आणि खरं गाणं त्या डाव्या हातातच असतं. यंत्राच्या डाव्या टोकाला सूर वर-खाली करणारं एक गोल बटण होतं. बनवणाऱ्याने ते सूर लावून घेण्यापुरतं ठेवलं असणार. आत्या त्याला खुंटी म्हणायची. उजव्या हाताने पट्टी दाबायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी खुंटी अशी काही हलवायची की सरळसोट स्वर झुलायला लागायचा. वीणेची तार ओढली की स्वर वरच चढतो, दाबून खाली नेता येत नाही. ती सवय तिने खुंटीवरही सोडली नाही. खालून घ्यायचं आणि वर न्यायचं.

आमच्या घरात देवाला निजवताना पाळणा म्हणायची रीत होती. पितळेचा छोटा कृष्ण, पितळेचाच पाळणा, शब्द जुने मराठी आणि राग नीलांबरी. नीलांबरी हा आमच्याकडे झोपेचाच राग. आत्याचा गळा घोगरा, म्हणून ती पाळणा म्हणायची नाही, यंत्रावर वाजवायची. आमचा देव लवकर झोपायचा, कारण पाळणा झाल्याशिवाय पानं मांडायची नाहीत असा नियम होता आणि आत्याला भूक फार.

त्या संध्याकाळी मला आठवतात त्या एकाच लांब संध्याकाळीसारख्या. रस्त्यावरचे आणि घराघरांतले दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा, बल्ब पिवळा पडायचा आणि यंत्राचा षड्ज किंचित खाली बसायचा. आत्या न बघता खुंटी जराशी फिरवायची आणि त्याला उचलून घ्यायची. समईची ज्योत, रसमाचा वास, बाहेर तिण्णैवर, म्हणजे दारालगतच्या ओट्यावर, कोणाच्या तरी गप्पा, आणि मध्ये हा झुलणारा स्वर. मी गृहपाठ पुढे ठेवून डुलक्या घ्यायचो. देवाच्या आधी मीच झोपायचो. असं सुख मला पुढे कुठेच मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आणि गावाबाहेरच्या एका पॉलिटेक्निकात शिकवायला लागलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. एका सकाळी कॉफी गाळता गाळता आत्याच्या हातातलं भांडं पडलं. ती वाकून उचलायला गेली आणि हात उचलेचना. अर्धांगवायू. उजवा पाय हळूहळू थोडा परतला, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाण्याइतका. उजवा हात मात्र कायमचा गेला. डावा हात आणि जीभ शाबूत होती, आणि जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली.

घरात स्वयंपाकाला एक मामी यायला लागल्या. नात्यातल्या नव्हेत, तिकडे वयस्क बाईंना मामीच म्हणतात. तमिळ बोलणाऱ्या, कामाला वाघीण, संगीताचा गंध नाही. यंत्रावर आत्याने जुनी साडी घातली. देवाला मी पाळण्यात ठेवायचो आणि झोका द्यायचो, मुकाट्याने.

"देव झोपत नाहीं," आत्या एकदा म्हणाली. "मज कळतें. डोळे मिटून पडतो नुस्ता, माझ्यासारखा."

तिला निदान एक स्वर ऐकवावा म्हणून मी साडी काढून यंत्र चालू केलं, तर निम्म्या पट्ट्या मुक्या. कावेरीकाठची दमट हवा पट्ट्यांखालच्या रबराने इतकी वर्षं सोसली आणि मग हात टेकले. तो सुटा भाग मिळणं शक्यच नव्हतं. बनवणाऱ्यांनी ते यंत्र बनवायचं कधीच बंद केलं होतं. आतली स्वर घडवणारी मांडणी मात्र ठणठणीत होती.

पडल्या पडल्या आत्या हसली. "दोघांचीही बोटें गेलीं. गळा तेवढा राहिला."

कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी मासिक यायचं. त्यात मी मिडी नावाच्या गोष्टीबद्दल वाचलं होतं. नवे कीबोर्ड एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती ही भाषा. आमचं यंत्र त्या भाषेच्या आधी जन्मलेलं, त्याला ती येणार कुठून? पण त्याला दुसरी एक भाषा येत होती. आत प्रत्येक पट्टीचा एक ठरलेला व्होल्टेज होता. एक सप्तक वर गेलं की एक व्होल्ट वाढायचा. मधल्या बारा स्वरांनी तो एक व्होल्ट आपापसांत सारखा वाटून घेतलेला. मग नव्या कीबोर्डची भाषा ऐकून तिचे व्होल्ट करणारा दुभाषा बनवला तर? पट्ट्या नव्याच्या, गळा जुन्याचा.

मी आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तारेंतून सूर धांवतो काय?"

"सूर नाही आत्या. नुसता हुकूम. ही पट्टी दाबली, ही सोडली. बस."

ती छताकडे बघत म्हणाली, "दारासुरमच्या रेशमाच्या मागावर भोंकांच्या पुट्ठ्यांची माळ असते, तसें. कोणता दोरा उचलायचा तें भोंक सांगतें. रेशीम पुट्ठ्यांत नसतें."

वर्गात मुलांना मिडी शिकवायची वेळ आली तेव्हा मी हेच सांगत आलो. आत्याचं नाव न घेता, अर्थात.

यंत्र उघडलं त्या रविवारी आत वर्षानुवर्षांची धूळ होती, एका मुंगळ्याचं वाळलेलं शव होतं आणि पट्ट्यांच्या फटीतून कधीतरी पडलेलं तिच्या केसांतलं मोगऱ्याचं फूल होतं, कागदासारखं झालेलं. मी ते तिला दाखवलं. तिने डाव्या हाताने घेतलं, हुंगलं आणि म्हणाली, "वास सोल्डरचा येतो." पण टाकलं नाही, उशीखाली ठेवलं.

मद्रासला गेलो की रिची स्ट्रीटवरून मी सामान आणायचो. पॉलिटेक्निकात मुलांच्या सरावासाठी असायची तशी एक छोटी मायक्रोप्रोसेसरची पाटी, आकड्याचा व्होल्ट करून देणारी एक चिप, जुन्या टेपरेकॉर्डरना असायचं तसलं पाच टाचण्यांचं गोल सॉकेट. नवा कीबोर्ड म्हणजे नवा नव्हेच, तंजावरच्या एका लग्नाच्या बँडने टाकून दिलेला. त्याचा स्वतःचा आवाज इतका प्लास्टिकचा की मी तो पहिल्याच दिवशी शून्यावर आणला आणि परत कधी वाढवला नाही. त्या सगळ्या जोडणीत मला सर्वांत आवडायचा तो एक लहानसा काळा तुकडा. त्याच्या पोटात एका बाजूला दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला डोळा. हुकूम आला की दिवा लुकलुकतो, डोळा बघतो आणि पुढे सांगतो. तेवढ्या जागेत दोन यंत्रांच्या मध्ये तार नाहीच, नुसता उजेड. एकाची बिघडलेली वीज दुसऱ्यात शिरू नये म्हणून ही सोय. मी कितीदा तरी तो तुकडा हातात घेऊन बसायचो आणि काम तसंच राहायचं.

यंत्रं माझं डोकं फिरवतात. मी शांत माणूस नाही. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा यंत्राने अशी काही शिटी फुंकली की मामी झारा घेऊनच धावत आल्या. मी पक्कड भिंतीवर मारली. आत्या पलंगावरून म्हणाली, "पक्कडीनें काय केलें?" कुठेतरी माझी बेरीज चुकली होती आणि यंत्राला दोन सप्तकं वरचे व्होल्ट जात होते. दुरुस्त केलं, तर षड्ज बरोबर आणि वरचा षड्ज बेसूर. मग रोज कॉलेजातून आलो की एका कानाने ऐकायचं, एका डोळ्याने मीटरचा काटा बघायचा आणि स्क्रू केसभर फिरवायचा. नीलांबरी आणि व्होल्टमीटर माझ्या डोक्यात तेव्हापासून असे एकत्र झाले आहेत की आजही काटा थरथरला की मला झोप येते.

आणि मग एका संध्याकाळी ते जमलं. यंत्र आत्याच्या पलंगाच्या डाव्या अंगाला स्टुलावर, खुंटी तिच्या बोटांजवळ. मी पलंगाच्या पायथ्याशी खाली मांडी घालून, पुढे तो प्लास्टिकचा कीबोर्ड, मध्ये जमिनीवरून गेलेली एक काळी तार. मी पाळण्याचा पहिला स्वर दाबला. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला आत्याच्या हाताखालून तो उमटला आणि लगेच झुलायला लागला. माझ्या बोटाखाली नुसती सरळ पट्टी होती आणि आवाज मात्र पाण्यासारखा हलत होता. तिची बोटं खुंटीवर होती, डोळे मिटलेले होते आणि त्यांतून पाणी येत होतं. मीही रडलो. मामींनी विचारलं, शॉक लागला का?

मग आत्याने मला शिकवायला घेतलं, कारण मला वाजवता कुठे येत होतं? तिच्या उजव्या हाताला शिकवतेय अशा थाटात ती मला शिकवायची. "पट्टी दाब आणि गप्प राहा. सजवूं नको. बाकीचें माझें." मला घाई. स्वर लागला की पुढचा दाबावासा वाटायचा. ती मागच्या स्वरात अजून रेंगाळत असायची आणि मी तिच्या पायाखालची सतरंजी ओढायचो. "अरे, थांब रे! मी तेथेंच आहें अजून!" हळूहळू मी थांबायला शिकलो. तिचा श्वास ऐकून पट्टी सोडायची हे कळायला लागलं. देव परत झोपायला लागला. भूक लागली की आत्या चाल थोडी जलद घ्यायची, हेही पूर्वीसारखंच झालं.

त्या नव्वदीच्या पहिल्या वर्षांत आम्ही दोघं मिळून एक वादक होतो. मला वाटायचं, हे असंच चालेल.

पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. वाद्यांची यंत्रं दुरुस्त करायची आणि नवी जुळवायची, मला हवं होतं नेमकं तेच काम. मी आत्याला सांगितलं नाही, पण भात कालवताना माझा हात थांबला तेव्हाच तिने ओळखलं असावं.

"जा," ती म्हणाली.

"आणि पाळणा?"

"देव मोठा झाला आतां. पाळण्यावांचून निजेल."

हे बोलताना तिचा डावा हात पांघरुणावर होता आणि दोन बोटं नसलेली खुंटी फिरवत होती. ते बघून मला स्वच्छ कळलं की मी गेलो तर तिचा दुसरा हातही जाणार. मी नसलो तर पट्टी दाबणार कोण? मामी? त्यांना मी दोन दिवस बसवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, मी चार माणसांचा स्वयंपाक वाढवून करते, पण हे नको.

त्या बँडवाल्या कीबोर्डात सीक्वेन्सर होता. कोणती पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली ते तो लक्षात ठेवायचा आणि बटण दाबलं की तेच हुकूम पुन्हा सोडायचा. बंद केला तरी विसरायचा नाही. इतकी वर्षं तो समोर होता आणि मला त्याची गरज वाटली नव्हती. जायच्या दिवशी दुपारी मी म्हटलं, चल आत्या, आपला पाळणा यात साठवून ठेवू. मी बसलो, तिने खुंटी धरली आणि आम्ही वाजवलं. तिचा हात त्या दिवशी असा लागला होता की मामीसुद्धा भाजी चिरायची थांबल्या.

मग मी बटण दाबलं आणि ऐकायला बसलो. स्वर आले, पण सरळ, काठीसारखे, एकापुढे एक उभे. झोका नाही, हेलकावा नाही.

"हा तूं," आत्या म्हणाली. "मी कोठें आहें?"

ती कुठेच नव्हती. खुंटी जुन्या यंत्रावर होती आणि साठवण नव्या कीबोर्डात. तार पट्ट्यांची होती, खुंटीचा एक शब्दही तिच्यातून जात नव्हता. ही मांडणी मी स्वतः जोडलेली, त्यातली प्रत्येक सोल्डर मला पाठ, आणि तरी मी भाबडेपणाने समजत होतो की आम्ही दोघं त्यात बसू. रेशीम पुठ्ठ्यात नसतं हे आत्यानेच सांगितलं होतं. मी चिडून उठलो, म्हटलं, शेजारून टेपरेकॉर्डर आणतो, त्यात दोघांचं वाजलेलं येईल, रोज लावून ऐक.

"टेप कशाला रे? त्यांत मी अगोदरच वाजवून झालेली असेन. मग मज काय काम उरलें?" तिने डावा हात पुढे केला. "लाव तें तुझें परत."

मी बटण दाबलं. माझी सरळ बोटं वाजायला लागली आणि तिने त्यांच्यावर आपला हात घातला. पाळणा झुलायला लागला. मी हात बांधून उभा होतो आणि वाजवत होतो. आयुष्यात इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

अडचण एकच राहिली. मी पुण्याला गेल्यावर बटणही तिलाच दाबायला लागणार, म्हणून मी कीबोर्ड उचलून पलंगावर तिच्या डाव्या हाताशी ठेवला. तिने दाबून पाहिलं, पण हात तिथून उचलून खुंटीपर्यंत आणीपर्यंत पहिला स्वर उघडाच निघून जायचा. मग मी पुन्हा वाजवायला बसलो आणि सुरुवातीला चार मात्रा रिकाम्या सोडल्या. तिचा हात बटणापासून खुंटीपर्यंत यायला लागतो तेवढा वेळ.

ही दुसरी साठवण करताना, शेवटच्या ओळीत, मला पट्ट्या नीट दिसेनाशा झाल्या. नीलांबरीत दोन्ही निषाद येतात. जिथे शुद्ध हवा तिथे मी कोमल दाबला. शेजारची पट्टी, अर्धा स्वर खाली. बाहेर स्टेशनवर न्यायला आलेली रिक्षा हॉर्न मारत होती. मी म्हटलं, पुसतो, पुन्हा करतो. तिने ऐकलं नाही, बटण दाबलं, हात खुंटीवर आणला, आणि वाजता वाजता तो कोमल निषाद आला तसा तिने त्याला खालून अलगद ओढून वर नेऊन ठेवला. कळलंसुद्धा नाही.

"वीणेंत काय वेगळें करितात?" ती म्हणाली. "खालच्या पडद्यावर बोट ठेवायचें आणि तार ओढून वरचा स्वर आणायचा. असूं दे. गाडी चुकेल."

पुण्यात मला खोली मिळाली, काम मिळालं, आणि माझ्या मराठीला हसणारे मित्रही मिळाले. संध्याकाळी खाणावळीत पान पुढे आलं की मी घड्याळ बघायचो. आता रसम् झालं असेल. आता यंत्र जागं झालं असेल. मी इथे आमटीत पोळी बुडवत असायचो आणि त्याच वेळी कुंभकोणमला वाजवत असायचो. समोरचा माणूस म्हणायचा, कुठे हरवलास? खोटं कशाला सांगू, त्या खाणावळीत मी फारसा नसायचोच.

एकदा न कळवता गेलो. तंजावरला उतरून बस धरली. पापनाशम् मागे पडलं, दारासुरमला गोपुर अंधूक दिसलं, आणि मी आमच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा नुकते दिवे लागत होते. घरापाशी आलो आणि पाय थांबले. आतून मी वाजत होतो. माझी ती घाई, मुश्किलीने आवरलेली. दुसऱ्या ओळीत एका ठिकाणी मी पट्टी जरा उशिरा सोडतो, तीसुद्धा तशीच. आणि त्यावर तिचा हात. हुकूम रोज तेच, पण तिचं वाजवणं कितीतरी पुढे गेलं होतं. पूर्वी जिथे एक हेलकावा होता तिथे आता तीन होते, आणि जिथे तीन होते तिथे ती नुसती स्थिर थांबत होती. मी तिण्णैवर पिशवी ठेवून उभा राहिलो. शेवटची ओळ आली. माझा चुकीचा निषाद लागला, आणि तिने त्याला लगेच उचललं नाही. किंचित खाली राहू दिला, आणि मग इतका हळू वर नेला की मला वाटलं, अख्खा रस्ता त्याच्याबरोबर वर जातोय. पाळण्यातली सर्वांत सुंदर जागा तीच झाली होती.

मी आत गेलो. आत्याने डोळे उघडले. "अय्यो! आतांच तर वाजवीत होतास. येवढ्यांत बाहेर केव्हां गेलास?"

त्या मुक्कामात मी म्हटलं, आता वेळ आहे, तो निषाद नीट करून देतो. ती खरंच रागावली. "हात लावूं नको. त्या जागेसाठीं मी अस्का दिवस वाट पाहतें."

नव्वदीच्या अखेरीस, चिंचेच्या दिवसांत, आत्या गेली. आदल्या संध्याकाळी देवाला निजवून, जेवून. मी पोचलो तोवर सगळं व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं. उशीखाली ते मोगऱ्याचं फूल होतं. आता ते फूल आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे पांगले होते. मामींनी रसम् चढवलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने येऊन यंत्राचं बटण दाबलं, मग कीबोर्डचं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आत गेल्या. यंत्र तापायला लागलं. मी देवाला पाळण्यात ठेवलं. पलंगाशेजारी स्टुलापाशी बसलो, जिथे मी कधीच बसलो नव्हतो, आणि सीक्वेन्सरचं बटण दाबलं.

चार मात्रा काहीच वाजलं नाही. त्या चार मात्रांत तिचा हात पांघरुणावरून यायचा. मग मी वाजायला लागलो, सरळ, उघडा, काठीसारखा. मला वाटलं होतं, इतकी वर्षं ऐकलंय, मी डावा हात घालीन आणि होईल. खुंटीवर बोटं ठेवली, पण पुढे काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटची ओळ आली. मला ठाऊक होतं काय येणार आहे, तरी माझा हात उशिरा हलला. कोमल निषाद लागला आणि होता तिथेच उभा राहिला, अर्धा स्वर खाली, घरभर.

स्वयंपाकघरातून मामी झारा हातात घेऊन दारात आल्या. ज्यांना संगीताचा गंध नाही त्या मामी. यंत्राकडे बघत त्या म्हणाल्या, "आज चुकलं. रोज कधी चुकत नाही."